समजतं सगळं, बोलता येत नाही: ही दोन दुकानं की एकच?

रानजाई (सोमवार, रात्री १०:१२)

मंडळी, सध्या आमच्या घरात "सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही" असे दोन जण आहेत. एक आमची ठमी, वय वर्षं दीड. दुसरे माझे वडील, अप्पा, वय ७१.

अप्पांना फेब्रुवारीत मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात अजून नीट उचलत नाही, पण चालतात, जेवतात, सकाळी पेपर उघडून बसतात. बोलणं मात्र गेलं. उरलंय फक्त "हो ना". पाणी हवं तर "हो ना", नको तर "हो ना", चिडले की "हो ना हो ना हो ना!" सूर इतका बदलतो की आई नुसत्या सुरावर ओळखते. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, तुम्ही नेहमीसारखं बोलत राहा. तसंच बोलतोय. पण कधीकधी ते मुद्दाम केल्यासारखं वागतात. परवा दादा येणार नाही असं नीट सांगूनसुद्धा संध्याकाळी दोन तास ओट्यावर खुर्ची टाकून बसले, आत यायला तयार नाहीत. आई म्हणते, हट्टी आधीपासूनच होते.

ठमीला "बूट आण" म्हटलं की ती बूट आणते. "आजीचा चष्मा कुठंय?" विचारलं की आजीच्या नाकाकडे बोट. स्वतःचा शब्दसाठा: "बा" आणि "दे".

दोघं शेजारी बसलेले बघून डोक्यात आलं की बोलणं आणि ऐकून समजणं ही डोक्यात दोन वेगळी दुकानं असतात का? एकाचं शटर पडलं तरी दुसरं चालू? की दुकान एकच आणि दारं दोन? जाणकारांनी सांगा, अनुभवींनी तर नक्कीच सांगा.

खवचट काकू (सोमवार, रात्री १०:२०)

आमच्याकडे उलटं आहे. बोलता सगळं येतं, समजत काही नाही. लग्नाला ३१ वर्षं झाली.

(हलकं घ्या. अप्पांना लवकर बरं वाटो.)

ठोंब्या (सोमवार, रात्री १०:२३)

काकू, हसून हसून पुरेवाट.

कोपऱ्यातला (सोमवार, रात्री ११:०५)

रानजाई, तुमच्या अप्पांचा एक थोरला भाऊ पॅरिसमध्ये होऊन गेलाय. लबोर्न नावाचा कारागीर. तिशीत वाचा गेली आणि नंतर एकवीस वर्षं बिसेत्रच्या रुग्णालयात काढली. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "तां, तां". तिथे सगळे त्याला तां याच नावाने ओळखायचे. फार चिडला तर एक फ्रेंच शिवी मात्र स्वच्छ निघायची. १८६१ च्या एप्रिलमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याला तपासलं तेव्हा दिसलं की बऱ्याच गोष्टी त्याला समजतात, आकडा विचारला तर बोटांनी दाखवतो. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकाने मेंदू उघडून पाहिला तर डाव्या कपाळामागच्या भागात बिघाड. तो मेंदू पॅरिसला अजून जपून ठेवलाय.

मग १८७४ मध्ये कार्ल वेर्निके हा जर्मन डॉक्टर. वय अवघं २६. त्याने दाखवलेले रुग्ण अगदी उलटे होते: घडाघडा बोलतात, चढउतारासकट, पण अर्थ लागत नाही आणि समोरच्याचंही समजत नाही. त्यांचा बिघाड डाव्या कानाच्या वरच्या, मागच्या अंगाला. तेव्हापासून पाठ्यपुस्तकात दोन दुकानं: पुढचं बोलायचं, मागचं समजायचं आणि मधे तंतूंचा एक जाडजूड जोडरस्ता. तो रस्ता तुटला तर माणूस समजून घेतो, बोलतोही, पण "मी म्हणतो ते जसंच्या तसं म्हण" म्हटलं की अडकतो.

म्हणजे उत्तर: दोन दुकानं.

खवचट काकू (सोमवार, रात्री ११:११)

वेर्निकेने ३१ वर्षांपूर्वी आमचं स्थळ बघायला हवं होतं.

घाटावरचा (मंगळवार, सकाळी ७:४०)

माझ्या आजोबांचं सांगतो. सातारा जिल्हा, गाव सांगत नाही. लकवा झाला आणि बोलणं गेलं. पाणी मागता येईना, आजीचं नाव घेता येईना. महिनाभराने गणपती आले. आरती सुरू झाली आणि म्हातारा सगळ्यांच्या बरोबरीने, एक शब्द न चुकता, शेवटपर्यंत! आजी ताट खाली ठेवून रडायला लागली. आम्हाला वाटलं बाप्पाने वाचा दिली. आरती संपली, आजीने विचारलं "पाणी देऊ का?" तर परत नुसतं "आं... आं...".

पाढ्यांचंही तेच. "बे एके बे" सुरू करून दिलं की दहापर्यंत गाडी सुसाट. पण "बे पंचे किती?" विचारलं की गप्प. मग त्यांनीच युक्ती काढली. पहिल्यापासून सुरू करायचं, बे एके बे, बे दुणे चार, आणि "बे पंचे दहा" आलं की थांबून आमच्याकडे बघायचं. डोळ्यात असा भाव की बघा, आणला की नाही!

शिव्याही शाबूत होत्या. दूधवाल्याला विचारा.

आता मला सांगा, तोंड तेच, जीभ तीच, शब्दही मराठीच. मग आरतीतला शब्द येतो आणि पाण्याचा का येत नाही?

पाटीपेन्सिल (मंगळवार, दुपारी १:३०)

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, चौदा वर्षं हेच काम करते. शिक्षण वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्रोटक झालं तर समजून घ्या.

घाटावरचा, आजोबांचा अनुभव आमच्याकडे आठवड्याला एकदा तरी ऐकायला मिळतो. पाठ झालेलं, सुरातलं आणि भावनेच्या भरात निघणारं बोलणं हे बेतून केलेल्या बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतं, आणि त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हात असतो असं मानतात. आरती म्हणताना पुढचा शब्द निवडावा लागत नाही, आधीचा शब्दच त्याला ओढून आणतो. "पाणी" हा हजारोंतून निवडायचा शब्द. याच निरीक्षणावरून १९७० च्या दशकात बोस्टनला एक उपचार निघाला. रोजची वाक्यं सुरात, डाव्या हाताने ताल धरून म्हणायची आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. काहींना फायदा होतो, सगळ्यांना नाही.

रानजाई, तुमच्या प्रश्नात मला एक वाक्य खटकलं. "कळतं सगळं". हे घरचे म्हणतात आणि कधीकधी डॉक्टरही घाईत म्हणतात. वाचाघाताच्या (मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्या आजाराच्या) रुग्णाला सगळं कळतं हे क्वचितच खरं असतं. बऱ्याचदा त्याला *आपण* कळतो. आपला चेहरा, हात, ताटाची वेळ, कोण कुठे उभं आहे. त्यातून तो बरोबर अंदाज बांधतो. १९७६ मध्ये कारामाझा आणि झुरिफ या दोघांनी हे फार छान उघडं पाडलं. ज्यांना नुसतं बोलता येत नाही असं समजलं जात होतं, त्यांना "मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे" अशी वाक्यं समजायची, कारण सफरचंद मुलाला खात नाही. पण कोणीही कोणालाही काहीही करू शकेल अशी वाक्यं आली की अंदाज चालत नाही, तिथे ते गडबडायचे.

मराठीत करून बघायचं तर: "वाघाने सिंहाला मारलं" आणि "वाघाला सिंहाने मारलं". मेलं कोण? सगळा खेळ *ने* आणि *ला* वर. आणि ज्यांचं बोलणं तुटक झालंय, त्यांच्या बोलण्यातून नेमके हेच ने-ला-चा-ची गळतात. म्हणजे बोलताना जे गेलं तेच ऐकतानाही पातळ झालेलं असतं. कोपऱ्यातला, म्हणून "दोन दुकानं" मला आता पटत नाही. गोडाऊन बरंच सामायिक आहे.

आणखी एक. बिघाड तोंडाचा आणि कानाचा नाही. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या कर्णबधिर माणसाला डाव्या मेंदूचा झटका आला तर त्याच्या खुणाही अशाच तुटतात किंवा बरळतात. हात धडधाकट असतात, कपबशी उचलतो, पण खूण जमत नाही.

उंटावरचा शहाणा (मंगळवार, दुपारी ३:१५)

सगळे फार गुंतागुंत करताय. समजणं म्हणजे मनातल्या मनात बोलणं. बस. वाचताना माझे ओठ हलतात, बायको हसते. कोणी बोलत असेल तर माझी जीभ आतल्या आत त्याच्याबरोबर हलते. ऐकणं म्हणजे समोरच्याचं तोंड आपल्या तोंडात चालवून बघणं. दुकान एक, दारही एक.

कोपऱ्यातला (मंगळवार, संध्याकाळी ६:५०)

शहाणे, हसू नका, पण नेमका हाच सिद्धांत अमेरिकेत हॅस्किन्स प्रयोगशाळेत ॲल्विन लिबरमन यांनी मांडला आणि जन्मभर लढवला. गोष्ट मजेची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अंधांसाठी वाचनयंत्र करायचं होतं: प्रत्येक अक्षराला एक आवाज ठरवायचा, कागदावरून यंत्र फिरलं की पीं-पूं-टिक ऐकू येणार. शिकवून शिकवून थकले, पण वेग वाढवला की सगळ्या आवाजांची खिचडी व्हायची. बोलताना मात्र आपण सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी आरामात पचवतो. का?

मग त्यांनी बोलण्याची ध्वनिचित्रं काढली. "दि" मधला द आणि "दु" मधला द. कानाला एकच. चित्रात बघितलं तर पूर्ण वेगळे, एकात रेघ वर जाते, दुसऱ्यात खाली येते. आवाजात दोन्हींना समान असं काही सापडेना. समान काय? जिभेची हालचाल! म्हणून लिबरमन म्हणाले, आपण आवाज ऐकतच नाही, तो काढणारी हालचाल ओळखतो.

१९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांचा प्रयोग आला. कानावर "बा", पडद्यावरचे ओठ "गा" म्हणतायत, बघणाऱ्याला ऐकू येतं "दा". डोळे मिटले की परत "बा". यूट्यूबवर आहे, घरच्यांवर करून बघा.

उंटावरचा शहाणा (मंगळवार, संध्याकाळी ६:५८)

धन्यवाद. धागा बंद करायला हरकत नाही.

कोपऱ्यातला (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

थांबा, अजून चिंचिला यायचाय. मऊ केसांचा, उंदीरकुळातला दक्षिण अमेरिकेतला प्राणी. १९७५ मध्ये कूल आणि मिलर यांनी चिंचिलांना "दा" आणि "ता" यांतला फरक ओळखायला शिकवला, आणि दोन्हींमधली सीमा त्यांनी जवळपास माणसांसारखीच आखली. आता चिंचिला काही मनातल्या मनात दा-ता म्हणत नसणार.

त्याआधी १९६२ मध्ये लेनेबर्गने आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली होती. जन्मापासून त्याला एक शब्दही उच्चारता आला नव्हता, पण इंग्रजी व्यवस्थित समजत होतं. आयुष्यात एकदाही न बोललेला मुलगा समोरच्याचं तोंड आपल्या तोंडात कसं चालवणार?

खवचट काकू (मंगळवार, संध्याकाळी ७:३४)

शहाणे, उंटावरून उतरा, चिंचिलावर बसा.

मध्यमा (मंगळवार, रात्री ९:१०)

माझं नावच मध्यमा, त्यामुळे लिहिणं आलं. आपल्याकडे वाणीच्या पायऱ्या सांगितल्यात. वैखरी म्हणजे तोंडाबाहेर पडते आणि कानाला ऐकू येते ती. मध्यमा मनातल्या मनात, शब्द आहेत, क्रम आहे, आवाज नाही. पश्यन्तीत क्रमही नाही, सगळं एकदम दिसल्यासारखं. आणि परा त्याच्याही पलीकडे. अप्पांची वैखरी अडली, मध्यमा किती शिल्लक आहे हाच तर पाटीपेन्सिल यांचा मुद्दा नाही का?

खवचट काकू (मंगळवार, रात्री ९:१४)

आलं! आता पुष्पक विमान किती वाजता सुटतं?

मध्यमा (मंगळवार, रात्री ९:४०)

काकू, पूर्वजांनी स्कॅन काढले होते असं मी कुठे म्हटलं? उलट एक दुरुस्तीच देते. जुन्या काळातला व्याकरणकार भर्तृहरी, त्याने तीनच सांगितल्या, वैखरी, मध्यमा, पश्यन्ती. परा ही स्वतंत्र चौथी पायरी काश्मीरच्या शैवांनी पुढे पक्की केली. म्हणजे हा वाद तेव्हाही चालूच होता. मला त्यातलं एवढंच भावतं की बोलणाऱ्याने आतून बाहेर यायचं आणि ऐकणाऱ्याने बाहेरून आत जायचं, पण जिना एकच. भर्तृहरीचा भर यावर होता की ऐकणाऱ्याला सुटी अक्षरं जोडून अर्थ लागत नाही, वाक्य पुरं झालं की तो एकदम फुटतो, उजाडल्यासारखा.

संपादक (मंगळवार, रात्री ९:५५)

विमानविषयक प्रतिसाद उडवले आहेत. अवांतर आवरा, चांगला धागा आहे.

टेक्सासची मावशी (बुधवार, पहाटे ५:२०)

जिना एकच असेल तर माझी लेक त्याच्या मधल्या पायरीवर अडकली आहे. वय चार, जन्म इथलाच. मराठी सगळी समजते, उत्तर इंग्रजीत. इथल्या मराठी शाळेत निम्मी मुलं अशीच. आजीशी व्हिडिओ कॉलवर आजी मराठीत, नात इंग्रजीत, आणि गप्पा तासभर.

थोडंफार मराठी बोलते त्यात ट म्हणता येत नाही, सगळे त. ताक पण "ताक" आणि टाक पण "ताक". एकदा मी गमतीने तिच्यासारखंच म्हटलं, "कचरा डब्यात ताक". भयंकर चिडली. "ताक नाही, *ताक*!" मी म्हटलं, तेच म्हणाले की. तर पाय आपटून, "नो आई, *ताक*!" शेवटी "टाक" म्हटलं तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "हां. ताक."

तिचा कान शंभर टक्के आणि जीभ पन्नास. मग हे एकच दुकान कसं?

कोपऱ्यातला (बुधवार, सकाळी ९:०५)

मावशी, हा प्रसंग १९६० मध्ये नोंदला गेलाय! बर्को आणि ब्राउन या अभ्यासकांनी. एक मुलगा प्लास्टिकच्या फुगवलेल्या माशाला "फिस" म्हणायचा. मोठ्यांनी विचारलं, हा तुझा फिस का? "नाही, माझा फिस!" मग "फिश" म्हटल्यावर म्हणाला, "हो, माझा फिस."

आणि ट-त चं म्हणाल तर १९८४ मध्ये व्हँकुव्हरच्या वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक बरोबर कळायचा, दहा-बारा महिन्यांत तो कान बंद होतो. इंग्रजी मोठी माणसं दोन्ही एकच समजतात. तुम्ही घरात मराठी चालू ठेवलीत म्हणून लेकीचा कान उघडा राहिला.

उंटावरचा शहाणा (बुधवार, सकाळी ११:४५)

मी रात्रभर वाचन केलं. आता ऐका.

एक. २००९, इटलीतलं फेरारा. मेंदूतल्या ओठ हलवणाऱ्या जागेला बाहेरून चुंबकीय टिचकी मारली तर माणसं प-ब लवकर ओळखतात. जिभेच्या जागेला मारली तर त-द लवकर.

दोन. २०१५, पुन्हा तेच व्हँकुव्हर. सहा महिन्यांची बाळं. द आणि ड ऐकवले, फरक कळला. मग तोंडात एक चपटी दातखेळणी धरली, जिभेचं टोक हलणार नाही अशी. फरक कळेना! जीभ मोकळी ठेवणारी दुसरी खेळणी दिली तर परत कळला. अजून एक शब्द न बोललेली बाळं, आणि जीभ दाबली तर कान मंदावतो!

चिंचिलाला नमस्कार सांगा.

रानजाई (बुधवार, दुपारी १२:१०)

अरे देवा. ठमीच्या तोंडात दिवसभर काही ना काही असतं. काढून घेऊ का?

पाटीपेन्सिल (बुधवार, दुपारी १:२५)

अजिबात नको. प्रयोगात काही मिनिटांपुरती जीभ अडवली होती. खेळणीमुळे बाळाची भाषा बिघडते असं त्यात कुठेही नाही. आणि दीड वर्षाला "बा" आणि "दे" एवढंच असेल पण सांगितलेलं समजत असेल, बोटाने दाखवत असेल, तर लगेच घाबरू नका. समजण्याची घोडदौड नेहमी पुढे असते. पन्नासेक शब्द समजायला लागतात साधारण तेराव्या महिन्यात, पन्नास बोलायला अठराव्याच्या आसपास. मुलामुलांत फरकही भरपूर. तरी एकदा कान तपासून घ्या आणि दोन वर्षांपर्यंत शब्द वाढले नाहीत तर दाखवा.

शहाणे, तुमचे दोन्ही प्रयोग खरे आहेत, पण फेराराचा प्रयोग गोंगाट मिसळून केला होता. तिथेच मेख आहे. स्वच्छ ऐकू येत असेल तेव्हा जिभेची मदत फारशी लागत नाही. लोकलमध्ये, लग्नाच्या बँडमध्ये, अनोळखी उच्चारात आपण काय बोललो असतो याचा आधार घेऊन ऐकतो. उपयोगी आहे, अनिवार्य नाही.

दुभाषी (बुधवार, रात्री ८:३०)

उशिरा आलो. मी पोटापाण्यासाठी परिषदांमध्ये मराठीचं इंग्रजी करतो, काचेच्या खोलीत बसून, वक्ता बोलत असतानाच. न्यूरेंबर्गच्या खटल्यापासून, १९४५ पासून, ही पद्धत रुळली. म्हणजे एकाच वेळी कान एका भाषेत आणि तोंड दुसऱ्या. दुकान एकच असतं तर माझा धंदा बसला असता असं वाटेल, पण अनुभव उलटा आहे.

मराठीत क्रियापद शेवटी. त्याहून वाईट म्हणजे नकारही शेवटी. "शासनाने गेल्या तीन वर्षांत या भागातल्या शेतकऱ्यांसाठी कोणतीही ठोस योजना..." इथे मी काय करू? थांबलो तर मागे पडतो. म्हणून मी वक्ता होतो. हा आता काय म्हणेल ते माझ्या मनात आधी तयार होतं आणि तो ते म्हणाला की मला फक्त हो म्हणायचं असतं. "कोणतीही" ऐकलं की "नाही" येणार हे मला त्याच्याआधी माहीत. ऐकणं हे माझ्यासाठी दुसऱ्याच्या वतीने पुढचं वाक्य तयार करणं आहे. जेव्हा वक्ता अनपेक्षित बोलतो तेव्हाच मला तो खऱ्या अर्थाने *ऐकू* येतो, आणि घामही फुटतो.

हे फक्त दुभाष्यांचं नाही. दहा भाषांमध्ये मोजून पाहिलंय, एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला मध्ये साधारण सेकंदाचा पाचवा भागच जातो. पण नुसतं चित्र बघून "मांजर" म्हणायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. याचा अर्थ समोरचा बोलत असतानाच आपण आपलं उत्तर शिजवत असतो.

खवचट काकू (बुधवार, रात्री ८:३६)

आमच्याकडे समोरच्याने सुरुवात करायच्या आधीच शिजलेलं असतं.

ठोंब्या (बुधवार, रात्री ९:०२)

मुलगी बघायला गेलो होतो. "चहा-पोहे छान झालेत" म्हणायचं होतं, तोंडातून निघालं "पहा-चोहे छान झालेत". तिच्या आईवडिलांना, माझ्या आईवडिलांना, मामाला, कोणालाच चूक ऐकू आली नाही. "हो का, अजून घ्या" म्हणाले. फक्त ती फिसकन हसली. तिच्याशीच लग्न केलं.

दुभाषी (बुधवार, रात्री ९:१५)

ठोंब्या, बाकीच्यांनी ऐकलं नाही कारण त्यांच्या मनात "चहा-पोहे" आधीच म्हणून झालं होतं. सत्तरच्या दशकात मार्सलेन-विल्सन यांनी लोकांना कानात बोलणं ऐकवून लगोलग तेच म्हणायला लावलं. काहीजण पाव सेकंदाच्या अंतराने मागोमाग बोलायचे, आणि मुद्दाम बिघडवलेले शब्द नकळत दुरुस्त करूनच म्हणायचे.

वहिनींना आमच्या धंद्यात पाठवा.

घाटावरचा (बुधवार, रात्री ९:४०)

उलट्या बाजूने पण सांगा की. बोलायला कान लागतो की नाही? फोनवर कधी आपलाच आवाज जरा उशिराने परत ऐकू येतो, तेव्हा माझी जीभ अशी अडखळते की समोरच्याला वाटतं टाकून आलोय.

कोपऱ्यातला (बुधवार, रात्री १०:००)

लागतो. १९५० मध्ये बर्नार्ड ली यांनी हे नोंदवलं. आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाने उशिरा परत दिला की भले भले तोतरे होतात. १९११ मध्ये लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं होतं की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हेडफोन लावलेला पोरगा घरभर ओरडून बोलतो ते त्यातलंच.

माझं पहिलं "दोन दुकानं" मी मागे घेतो. आता तर तां या रुग्णाचा मेंदूही २००७ मध्ये स्कॅन करून पाहिला गेलाय. ब्रोकाला वरून दिसलं त्यापेक्षा बिघाड बराच खोल होता, जोडणाऱ्या तंतूंपर्यंत. दुकानापेक्षा रस्तेच जास्त महत्त्वाचे निघाले.

उंटावरचा शहाणा (बुधवार, रात्री १०:०४)

मी काहीही मागे घेत नाही.

रानजाई (रविवार, दुपारी ४:४५)

चार दिवस आले नाही, माफ करा. पाटीपेन्सिल, तुमचं वाघ-सिंह डोक्यातून जाईना. मेल्या-मारल्याचं विचारायला नको वाटलं म्हणून पेन आणि कंगवा घेऊन बसले. "अप्पा, पेनाने कंगव्याला शिवा." शिवलं. "आता पेनाला कंगव्याने शिवा." परत पेन उचललं, कंगव्याला शिवलं. मी हसून परत सांगितलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, काहीतरी चुकतंय हे त्यांना कळलं आणि कंगवा भिरकावला. "हो ना!" त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही.

पण मग ओट्यावरची ती संध्याकाळ आठवली. मी तेव्हा काय म्हटलं होतं ते आईला विचारून जसंच्या तसं लिहिते: "अप्पा, आज संध्याकाळी दादा येणार होता ना, पण त्याची गाडी चुकली म्हणून तो आता उद्या सकाळी येतोय." यातून "होता", "पण", "म्हणून" काढून बघा. उरतं काय? आज संध्याकाळी, दादा, येतोय. ते हट्टाने बसले नव्हते. वाट बघत होते. आणि मी त्यांना आत चला म्हणून ओरडले होते.

पाटीपेन्सिल (रविवार, संध्याकाळी ५:२०)

रानजाई, हे नव्वद टक्के घरांमध्ये होतं, स्वतःला बोल लावू नका. एका वेळी एक गोष्ट सांगा. छोटी वाक्यं, पण लहान मुलाशी बोलतो तशा सुरात नको, ते फार लागतं. नकार आधी आणि ठळक: "दादा आज नाही." मग थांबा. मग "उद्या." घड्याळ, कॅलेंडर, फोटो जवळ ठेवा. टीव्ही बंद करून बोला. आणि जवळचा उपचारतज्ज्ञ गाठा, पहिले सहा महिने मोलाचे असतात, नंतरही सुधारणा होते. मुंबईला येणं जमत असेल तर वांद्र्याला बाह्यरुग्ण विभाग आहे.

पाढे किंवा आरती येतेय का बघितलंत?

रानजाई (रविवार, रात्री ९:३०)

आरती येते! घाटावरचा, तुमच्या आजोबांसारखीच, पूर्ण. आई रडली नाही, तिने लगेच दुसरी सुरू केली.

बुधवारी वेळ मिळालीय उपचारांची.

आणि ठमीची बातमी. संध्याकाळी मी तिला विचारलं, "भात संपव, संपवणार ना?" तर कमरेवर हात ठेवून, मान तिरपी करून, अगदी अप्पांच्या चिडक्या सुरात म्हणाली, "ओ ना ओ ना ओ ना!"

अप्पा इतके हसले की पाणी पाजावं लागलं.

उंटावरचा शहाणा (रविवार, रात्री ९:३८)

भात संपवला का?

रानजाई (रविवार, रात्री ९:४०)

नाही.